शाळेचं पहिलं साल कोणतं?

प्रश्न: आमच्या गावात चर्चला लागून जुनी मराठी प्राथमिक शाळा आहे. माजी विद्यार्थी मिळून तिच्या इतिहासाची पुस्तिका काढतो आहोत. पण फाटकावरच्या पाटीवर एक साल आहे, मान्यतेच्या पत्रावर दुसरं, आणि जुनी माणसं सांगतात ते तिसरंच. खरं कोणतं धरायचं? (एक वाचक, खानापूर तालुका, जि. बेळगाव)

उत्तर: बहुतेक वेळा तिन्ही खरी असतात, कारण ती तीन वेगळ्या गोष्टींची सालं असतात. गोव्याकडच्या रिवाजाप्रमाणे चर्चच्या ओसरीत मेस्त (चर्चचा मास्तर) मुलांना दोत्रीन (धर्मशिक्षण) आणि गायन शिकवायचा, जोडीला अक्षरओळखही व्हायची. म्हातारी माणसं ‘शाळा’ म्हणतात ती पुष्कळदा हीच. इयत्तावार वर्ग पुढे आले, खात्याची मान्यता त्यानंतर, मग अनुदान, मग पक्की इमारत. ही सगळी सालं वेगवेगळी छापा आणि प्रत्येकापुढे पुरावा लिहा. वर्ष नक्की होत नसेल तर ‘अमुक सालाच्या आधी’ एवढंच लिहा. अंदाजाने टाकलेलं एक साल पुढे पन्नास वर्षं पाटीवर राहतं.

सुरुवात जनरल रजिस्टरपासून करा, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवहीपासून. पहिल्या पानावर एकाच तारखेला बिगरीपासून चौथीपर्यंतची तीस-चाळीस मुलं दाखल झालेली दिसली, तर ती शाळेची सुरुवात नव्हे. नुकत्याच उघडलेल्या शाळेत चौथीचा वर्ग कुठून येणार? ते रजिस्टर मान्यता मिळाल्यावर नव्याने घातलेलं असतं, किंवा फाटलेल्या जुन्या वहीची नक्कल असते. नक्कल ओळखायची खूण सोपी आहे: दहा-बारा वर्षांच्या नोंदी एकाच हाताच्या, एकाच शाईच्या, एकही खाडाखोड नाही. खऱ्या रजिस्टरात हेडमास्तर बदलला की अक्षर बदलतं. ‘पूर्वीची शाळा’ हा रकाना मात्र जरूर वाचा. मुलं आधी कुठल्या गावच्या शाळेत जात होती, हे तिथे सापडतं.

तारीख नसलेल्या कागदाचा काळ शिक्क्यावरून आणि पैशांवरून काढता येतो. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि 1 नोव्हेंबर 1973 ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. त्यामुळे शिक्क्यात ‘म्हैसूर’ असेल तर कागद या दोन तारखांच्या मधला. फक्त जुना शिक्का नवा येईपर्यंत चालवलेला असू शकतो, म्हणून वर्षभर मागेपुढे धरा. फी किंवा पगार आणे-पैमध्ये असेल तर कागद साधारण 1957 च्या आधीचा, कारण दशमान नाणी 1 एप्रिल 1957 पासून सुरू झाली. जुन्या हिशोबात रुपयाचे 16 आणे आणि आण्याच्या 12 पै. बेरीज करताना शंभराने भागलंत तर सगळा जमाखर्च चुकेल.

यू-डायसवरच्या (शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातल्या) स्थापना वर्षावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. तिथे मान्यतेचंच साल भरलेलं असण्याचा संभव मोठा आहे.

प्रश्न: फादरांनी बाप्तिस्म्याची जुनी रजिस्टरं पाहू दिली, पण ती लॅटिनमध्ये आहेत. शाळेच्या रजिस्टरातली मुलं त्यात सापडतच नाहीत.

उत्तर: मुलं आहेत, फक्त नावं बदललेली आहेत. घरी आणि शाळेत जो जुजे, तो चर्चच्या वहीत ‘जोसेफुस’. दुमिंग म्हणजे ‘डोमिनिकुस’, इनास म्हणजे ‘इग्नातिउस’, कायतान म्हणजे ‘काएतानुस’, मिंगेल म्हणजे ‘मिकाएल’. लॅटिनमध्ये नावाचा शेवट वाक्यातल्या जागेप्रमाणे बदलतो. ‘जोसेफी’ दिसलं तर ‘जोसेफचा’ असा अर्थ, म्हणजे तिथे बापाचं नाव आहे. आडनावांच्या स्पेलिंगवर अडून बसू नका. एकच घर तीन वह्यांत तीन तऱ्हेने लिहिलेलं असतं. बापाचं नाव, आईचं नाव आणि वाडा ही तिन्ही जुळली तरच मूल तेच माना.

नोंदीचा साचा ठरलेला असतो. ‘बाप्तिझावी’ म्हणजे ‘मी बाप्तिस्मा दिला’. ‘नातुस’ किंवा ‘नाता’च्या जवळ जन्मतारीख असते आणि ‘पात्रिनी’ म्हणजे पाद्रीन-माद्रीन, बाप्तिस्म्याचे धर्मपिता-धर्ममाता. एक पान नीट लागलं की पुढची पानं भराभर वाचता येतात. पहिली चूक तारखेत होते: आधी लिहिलेली तारीख सहसा बाप्तिस्म्याची असते, जन्माची नव्हे.

शाळेत जन्मतारीख 1 जून आणि चर्चमध्ये दुसरीच असेल तर चर्चची खरी धरा. बाप्तिस्मा जन्मानंतर थोड्याच दिवसांत व्हायचा, तर शाळेत नाव घालताना वय अंदाजाने सांगून 1 जून लिहायची पद्धत होती. हा फरक पुस्तिकेत कोणा हयात माणसाच्या नावासकट छापू नका. त्याचे निवृत्तीचे, पासपोर्टचे कागद शाळेच्या दाखल्यावर उभे असतात. आईबापांविषयीचे खाजगी शेरेही वहीतच राहू द्या.

बेळगावचा धर्मप्रांत 19 सप्टेंबर 1953 ला झाला. त्याआधी खानापूरकडच्या चर्चचा कारभार गोव्याच्या आर्चबिशपांकडे होता. म्हणून शाळेसाठी जागा, मेस्ताचा पगार, बांधकामाची परवानगी यांची जुनी पत्रं पोर्तुगीजमध्ये सापडली तर नवल नाही. शोध बेळगावच्या बिशप हाऊसपाशी थांबवू नका, पणजीला आर्चबिशपांकडेही लेखी अर्ज करा. अर्जात चर्चचं नाव आणि सालांचा टप्पा लिहा, नाहीतर तिथला माणूस तरी काय शोधणार?

प्रश्न: सरकारी फाईल कुठे मिळेल?

उत्तर: आधी तालुक्याच्या बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात विचारा, मग डीडीपीआयकडे, म्हणजे शैक्षणिक जिल्ह्याच्या शिक्षण उपसंचालकांकडे. जिल्ह्यात बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत, तेव्हा तालुका कुणाकडे येतो ते पाहून जा. तोंडी विचारून काम झालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी 10 रुपये. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून मान्यतेचा आदेश आणि अनुदानाचा आदेश यांचे दोन वेगळे अर्ज करा. 1956 च्या आधीचे कागद मुंबई राज्याचे. त्यांच्यासाठी धारवाडचं अभिलेखागार आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, दोन्हीकडे चौकशी करा.

प्रश्न: जुन्या हजेरीपटांना ओल आणि वाळवी लागली आहे. लॅमिनेशन करून घेऊ का?

उत्तर: कृपा करून नको. लॅमिनेशन पुन्हा निघत नाही आणि आतला कागद तापून ठिसूळ होतो. सेलोटेपही नको, काही वर्षांत त्याचा डिंक पिवळा होऊन अक्षरं खातो. उन्हातही घालू नका, शाई उडते. हे काम जानेवारी-फेब्रुवारीत काढा. खानापूर-जांबोटीच्या पावसात उघडलेली वही आठवड्यात बुरशी धरते.

ओलसर वही सावलीत, वारा खेळता ठेवून उभी उघडा आणि दर दहा-पंधरा पानांमागे टीपकागद घाला. टीपकागद ओला झाला की बदला. चिकटलेली पानं ओढू नका, पूर्ण वाळल्यावर बरीचशी आपोआप सुटतात. मग मऊ ब्रशने मधल्या शिवणीकडून बाहेर झाडा, तोंडाला फडकं बांधून. बुरशी छातीत जाते. शेवटी धुतलेल्या, खळ काढलेल्या मांजरपाटात गुंडाळा. खळ राहिली तर किडे तिच्यावरच येतात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वर हवं, कारण वाळवी भिंतीतूनच चढते.

फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, मोबाइल पानाला समांतर धरून घ्या. कडेला पट्टी ठेवा म्हणजे पानाचा आकार कळतो. कोरी पानंही सोडू नका. मधली पानं फाटलेली आहेत की मुळात कोरीच होती, हे नंतर फोटोंवरूनच कळतं.

प्रश्न: आमच्या आजींना शाळेतलं सगळं आठवतं, पण साल सांगता येत नाही.

उत्तर: साल विचारूच नका. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कितवीत होतात?’ असं विचारा. तो 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झाला. गांधीजी गेले तेव्हा, गोवा मुक्त झाला तेव्हा, ‘बहात्तरच्या’ दुष्काळात, असे टेकू द्या. इयत्ता कळली की दाखल झाल्याचं साल काढता येतं आणि मग जनरल रजिस्टरात त्यांचं नाव कुठल्या पानावर शोधायचं तेही कळतं.