मुलांना घेऊन दोन दिवसांची मुंबई

पहिल्यांदाच जाताय ना, मग ठिकाणांची यादी आधी निम्मी करा. दिवसाला एकच मोठं ठिकाण, बाकीचा वेळ मुलांच्या भुकेला आणि झोपेला. राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, शनिवारी सकाळी उघडतानाच गाठा आणि पेंग्विन आधी पाहून घ्या. नंतरची रांग लहानग्यांना झेपत नाही. रविवारची गर्दी तर विचारूच नका. मुक्काम फोर्ट किंवा कुलाब्याकडे घ्या, थोडा महाग पडला तरी. गेटवे आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय तिथून पायी होतं. रविवारी लोकलचा बहुधा मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा उशिरा, कुठल्या मार्गावर ते शनिवारीच बघून ठेवा. संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर पोरांना वाळूत मनसोक्त खेळू द्या. कपड्यांचा जादा जोड पिशवीत हवाच.