घरच्या बिअरची उपकरणे स्वतः तयार करावीत का? कोणती करावीत आणि ती राखावीत कशी?

आपण विचारले आहे की, तयार किट वापरून तीन-चार वेळा बिअर करून झाल्यावर आता माल्टपासून (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून), एका वेळी २० लिटर, बिअर करण्यासाठी लागणारी उपकरणे स्वतः तयार करावीत का, त्यांना कोणते साहित्य चालते आणि ती टिकवायची कशी. घरी बिअर करण्यास आपल्याकडच्या कायद्याची मुभा आहे, हे आपण प्रश्नातच लिहिले असल्यामुळे मी थेट उपकरणांकडे वळतो.

उपकरणे जरूर तयार करावीत, पण जो भाग सुटा करून आतून पाहता येत नाही तो शक्यतो तयार करू नये आणि बसवूही नये, असे माझे बारा वर्षांच्या उपद्व्यापांनंतरचे मत आहे. सुरुवातीला माझा सगळा जीव व्हॉल्व्ह, पंप आणि नळ्यांच्या जंजाळात अडकला होता. जितके सांधे जास्त तितकी यंत्रणा भारदस्त दिसते खरी, परंतु प्रत्येक सांधा म्हणजे गोड वर्ट (माल्ट गरम पाण्यात भिजवून निघालेला, अजून न आंबलेला रस) साचून राहण्याची आणखी एक जागा असते, हे फार उशिरा ध्यानात आले. म्हणून पहिली यंत्रणा साधी असू द्यावी: उकळण्याचे एक मोठे पातेले, माल्ट भिजवण्याचे एक पिंप, थंड करण्याची तांब्याची गुंडाळी आणि आंबवण्याची एक बादली.

पातेल्यापासून सुरुवात करतो, कारण ते करताना सर्वाधिक चुका होतात. २० लिटर बिअरसाठी ३० ते ३५ लिटरचे पातेले हवे. तासाभराच्या उकळीत तीन-चार लिटर पाणी वाफ होऊन जाते आणि उकळी फुटताना फेस झपाट्याने वर चढतो. पातेले स्टेनलेस स्टीलचे असावे; ॲल्युमिनियमचेही चालते, फक्त त्यात आधी साधे पाणी उकळून पृष्ठभागावर ऑक्साइडचा करडा थर येऊ द्यावा आणि पुढे तो थर घासून चकचकीत करण्याचा मोह टाळावा. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी भांडे मात्र कधीही वापरू नये, कारण वर्ट आम्लधर्मी असतो आणि त्यात जस्त विरघळते.

पातेल्याला कॉक बसवण्यासाठी छिद्र पाडणे हे पहिले खरे कारागिरीचे काम. स्टेनलेस स्टील कापले न जाता नुसते घासले गेले की कडक होत जाते. जोरात फिरणारे ड्रिल आणि कोरडे टोक यांचा मेळ बसला की काही सेकंदांत धातू इतका टणक होतो की पुढे टोकच बोथट होते. माझ्या पहिल्या पातेल्यावर अशी एक निळसर-काळी, कडक झालेली खळी अजून आहे आणि खरे छिद्र तिच्या शेजारी दोन बोटांवर आहे. त्यामुळे पायऱ्यापायऱ्यांचे स्टेप ड्रिल घ्यावे, वेग अगदी कमी ठेवावा, दाब भरपूर द्यावा आणि दर काही फेऱ्यांनंतर कटिंग ऑइलचा थेंब सोडावा. अर्ध्या इंची निपलचे (कॉक जोडण्याच्या आखूड नळीचे) आटे बाहेरून जवळपास २१ मिलिमीटर भरतात, तेव्हा छिद्र त्यात जेमतेम निपल जाईल एवढेच मोठे करावे. ते तळापासून दोनेक सेंटिमीटर वर घ्यावे, म्हणजे हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) आणि प्रथिनांचा गाळ खाली राहील. छिद्राची कड आतून-बाहेरून कानशीने गुळगुळीत करणे हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये, कारण राहिलेली धार ओ-रिंग कापते आणि गळती तिथूनच सुरू होते. वेल्डिंग न करता जोडायचे असेल तर सिलिकॉनची ओ-रिंग पातेल्याची भिंत आणि सपाट वॉशर यांच्यामध्ये दाबली जाईल अशी बसवावी. नट आधी हाताने घट्ट करून मग पान्याने फार तर पाव फेरा द्यावा. अधिक आवळल्यास सिलिकॉन बाजूने बाहेर सरकते आणि गळती उलट वाढते.

पितळी जोड वापरायचे असतील तर त्यांच्या पृष्ठभागावर शिशाचा अंश असू शकतो. दोन भाग पांढरे व्हिनेगर आणि एक भाग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड या मिश्रणात ते पाच-दहा मिनिटे बुडवून ठेवले की वरचे शिसे निघते आणि पितळाला लोण्यासारखा सोनेरी रंग येतो. द्रावण हिरवे पडू लागले तर तांबे विरघळू लागले आहे असे समजून जोड ताबडतोब बाहेर काढावेत.

उकळण्यासाठी विजेचा हीटर बसवणार असाल तर एक हिशेब आधी करून घ्यावा. २५ लिटर वर्ट ६५ अंशांवरून १०० अंशांवर नेण्यास उष्णतेचा ऱ्हास धरला नाही तरी २ किलोवॉटच्या कॉइलला साधारण अर्धा तास लागतो, ३ किलोवॉटला वीस मिनिटे. कॉइल लांब आणि पृष्ठभागाच्या मानाने कमी तापणारी घ्यावी, नाहीतर वर्ट तिच्यावर करपतो आणि तो करपट वास बाटलीपर्यंत सोबत करतो. पातेल्याला अर्थिंग हवेच, शिवाय ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबीही (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) हवी. हीटरची जोडणी मात्र जाणकार इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावी. पाणी, धातू आणि ओले हात एकत्र आले की स्वावलंबनाचा आग्रह सोडलेला बरा.

माल्ट भिजवण्याचे पिंप, ज्याला आपण मॅश टन म्हणतो, हे त्यामानाने सोपे. जाड भिंतीची, थंड पेये ठेवण्याची झाकणवाली पेटी तासभर तापमान उत्तम राखते. तिच्या मूळच्या तोटीच्या जागी बॉल व्हॉल्व्ह बसवून आत गाळणी म्हणून नळजोडणीच्या लवचिक नळीवरची स्टेनलेस तारेची विणलेली जाळी लावावी: आतली रबरी नळी ओढून काढायची, जाळीचे एक टोक दुमडून चेपायचे आणि दुसरे व्हॉल्व्हवर चढवायचे. ५ किलो माल्टला १५ लिटर पाणी धरले आणि माल्ट २५ अंशांवर असेल, तर मिश्रण ६७ अंशांवर यावे म्हणून पाणी साधारण ७३ अंशांचे लागते. पिंप आधी गरम पाण्याने शेकून घेतले नाही तर त्याहून अधिक. ६७ अंश हा मध्यम मार्ग आहे. ६३-६४च्या आसपास बिअर कोरडी, हलकी होते, आणि ७० अंशांकडे गेल्यास साखर पूर्ण न आंबता अंगात जडपणा राहतो. हे सगळे नकोसे वाटत असेल तर पातेल्यातच बारीक जाळीची मोठी पिशवी लावून त्यात माल्ट भिजवावा आणि शेवटी चोथ्यासकट उचलून घ्यावी. एक अख्खे उपकरण वाचते आणि खरे सांगायचे तर मी स्वतः आता बहुतेक वेळा हेच करतो.

थंड करण्याची गुंडाळी दहा-बारा मीटर तांब्याच्या नळीची करावी. नळी हाताने वाकवली की चेपते, म्हणून ती एखाद्या गोल डब्याभोवती हळूहळू गुंडाळावी. वळण लहान असेल तर आत बारीक मीठ घट्ट भरून वाकवावी आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन काढावी. एक गोष्ट मात्र मी भिजून शिकलो आहे. रबरी नळी आणि तांबे यांचा सांधा पातेल्याच्या तोंडावर येता कामा नये. गुंडाळीची दोन्ही टोके काठाच्या बाहेर काढून खाली वळवावीत, म्हणजे क्लिप सैल होऊन पाणी गळले तरी ते जमिनीवर पडेल, वर्टमध्ये नाही. नवे तांबे तेलकट असते, तेव्हा पहिल्या वापरापूर्वी ते व्हिनेगरने पुसून धुवावे. दर वेळी गुंडाळी उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत पातेल्यात सोडली की वेगळे निर्जंतुकीकरण करावे लागत नाही.

आता आंबवण्याच्या बादलीकडे येऊ. माझ्या मते सगळी काळजी इथे खर्च करावी, कारण उकळीपूर्वीच्या उपकरणांतली अस्वच्छता उकळी मारून टाकते, नंतरच्या उपकरणांतली नाही. बादली अन्नासाठी योग्य अशा प्लॅस्टिकची, निदान २५ लिटरची असावी. २० लिटर साधारण ताकदीची बिअर आंबताना ४०० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे झाकणाला एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी पाण्याची छोटी कुपी) हवाच, आणि फेस जोरात येणार असेल तर पहिले दोन-तीन दिवस त्याऐवजी जाड नळी लावून तिचे टोक पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवावे.

एका वर्षी माझ्या लागोपाठ तीन खेपा आंबट निघाल्या. यीस्ट बदलले, माल्ट बदलला, बादली दोनदा निर्जंतुक केली; फरक शून्य. शेवटी बादलीची प्लॅस्टिकची तोटी काढून गरम पाण्यात टाकली आणि आतला फिरणारा दांडा अंगठ्याने दाबला, तेव्हा तो सुटून हातात आला. बाहेरून एकसंध वाटणारी तोटी दोन भागांची होती, याची मला तोवर कल्पनाच नव्हती. दोन भागांच्या मधे तपकिरी, बुळबुळीत थर जमला होता आणि त्याला जुन्या ताकासारखा वास येत होता. बाहेरून तीच तोटी लखलखीत होती. त्या दिवसापासून प्रत्येक खेपेनंतर तोटी सोडवणे आणि पातेल्याचा व्हॉल्व्ह उघडणे हा नेम झाला. व्हॉल्व्ह घेताना तीन तुकड्यांचा, चार बोल्ट काढून आतली फिरणारी गोळी बाहेर घेता येते असा घ्यावा. एकसंध व्हॉल्व्ह स्वस्त असतो, पण त्याच्या गोळीमागे काय साचले आहे ते कधीच दिसत नाही.

स्वच्छता आणि निर्जंतुकीकरण ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांचा क्रम उलटता येत नाही, कारण मळाच्या थराखाली निर्जंतुक करणारा द्रव पोहोचत नाही. सोडियम परकार्बोनेट ५०-६० अंशांच्या पाण्यात घालून अर्धा तास भिजवले की बहुतेक वाळका फेस न घासता सुटतो. हे ॲल्युमिनियमवर वापरू नये, कॉस्टिक सोडा तर नाहीच. प्लॅस्टिक घासायचे झाल्यास मऊ फडके वापरावे. ओरखड्यात जंतू आसरा घेतात आणि खोल ओरखडे पडलेली बादली मी पाणी साठवण्याच्या कामाला लावतो. स्टीलवर लोखंडी तारेची घासणी फिरवू नये, कारण तिचे कण मागे राहून तिथे गंज धरतो. बरेच दिवस वापरलेल्या भांड्यात पिवळट, खरखरीत थर दिसू लागला तर तो बिअरस्टोन, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम ऑक्झलेट, असतो. तो सोड्याला दाद देत नाही, त्याला आम्ल लागते. निर्जंतुकीकरणासाठी फॉस्फोरिक आम्लावर आधारित, धुवावे न लागणारे द्रव किंवा आयोडोफोर (आयोडीनयुक्त जंतुनाशक) उत्तम. ब्लीच टाळावे: ते राहिले तर बिअरला औषधी वास येतो आणि स्टीलवर बारीक खड्डे पडतात. आम्लाच्या द्रावणात तर ते चुकूनही मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

तापमान राखण्यासाठी जुना फ्रिज आणि तापमानानुसार तो चालू-बंद करणारा बाहेरचा कंट्रोलर ही जोडी पुरेशी आहे. सेन्सर फ्रिजच्या हवेत लोंबकळत ठेवू नये. बादलीच्या भिंतीला चिकटवून वर फोमचा तुकडा बांधावा. जोरात आंबत असताना बिअर भोवतालच्या हवेपेक्षा चार-पाच अंशांनी अधिक गरम असू शकते, आणि एल यीस्टला (एल या प्रकारच्या बिअरच्या यीस्टला) आपण १८-२० अंश द्यायला बघत असताना आत भलतेच चाललेले असते. कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्यापूर्वी निदान तीन मिनिटांचा विलंब कंट्रोलरमध्ये लावावा.

दाबाखालची भांडी घरी बनवू नयेत, हे मी ठामपणे सांगेन. केग (बिअर दाबाखाली साठवण्याचे धातूचे पिंप) विकतच घ्यावा, त्याचा सुरक्षा व्हॉल्व्ह चालतो का ते पाहावे, आणि बाटल्यांत भरणार असाल तर हायड्रोमीटरचे (द्रवाची घनता मोजणाऱ्या तरंगत्या मापकाचे) माप दोन-तीन दिवस स्थिर राहिल्यावरच, बाटलीत वायू तयार व्हावा म्हणून, लिटरला ६-७ ग्रॅम साखर घालावी. माल्ट दळण्याची चक्की बनवणे मात्र सुरेख छंद आहे. दोन रोलरमधली फट सुमारे १ मिलिमीटर ठेवावी, रोलर पाण्याने न धुता ब्रशने झाडावेत, आणि दळण आंबवण्याच्या बादलीपासून दूर, वेगळ्या खोलीत करावे, कारण माल्टच्या धुळीत लॅक्टोबॅसिलस (बिअर आंबट करणारे जिवाणू) असतातच.

सगळे जोडून झाल्यावर माल्ट आणण्याआधी एक दिवस नुसत्या पाण्याची खेप करावी. थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का आणि हायड्रोमीटर २० अंशांच्या शुद्ध पाण्यात १.००० दाखवतो का, ते याच दिवशी तपासावे. एक-एक लिटर पाणी ओतत पातेल्यात उभ्या धरलेल्या स्टीलच्या सळईवर खुणा कोराव्यात आणि कॉकखाली किती पाणी अडकून राहते ते मोजावे. माझ्या पातेल्यात ते सव्वा लिटर निघाले आणि बिअर दर वेळी कमी का भरते याचा उलगडा झाला. मग तेच पाणी उकळून, गुंडाळीने थंड करून बादलीपर्यंत न्यावे. गार पाण्यात कोरडे राहिलेले सांधे उकळीत धातू फुगल्यावर पाझरतात, तेव्हा प्रत्येक जोडाखाली कागदाचा तुकडा ठेवावा आणि तासाभराने कोणता ओला झाला ते पाहावे. सगळे कागद कोरडे निघाले की माल्ट दळायला घ्यावा.