तुतिकोरिनचं मॅकरून आणि तुझी आजी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रकल्पाचा आराखडा वाचला. फिल्टर कॉफीचा कपकेक, मोगऱ्याच्या वासाचं क्रीम, वर कोलमची, म्हणजे तमिळ रांगोळीची, नक्षी. देखणं होईल सगळं. पण 'मला माझी तमिळ मुळं शोधायची आहेत' असं तू पहिल्याच ओळीत लिहिलं आहेस, आणि ती मला या कपकेकमध्ये कुठेच दिसली नाहीत. माटुंग्यात वाढताना, मराठी शाळेत शिकताना तमिळ मागे पडलं ही तुझी खंत मला ठाऊक आहे. तिला पुरेल असं काम निवड.

तुझी आजी तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तुतिकोरिनची. त्या गावाचा स्वतःचा बेकरीतला पदार्थ आहे, तोच घे. तिथलं मॅकरून तीनच जिनसांचं: काजू, साखर, अंड्याचा पांढरा भाग. सोळाव्या शतकात मोत्यांच्या व्यापारामागे पोर्तुगीज त्या किनाऱ्यावर आले, हा प्रकार त्यांच्याकडूनच आला असं तिथे मानतात. बदामाची जागा काजूने घेतली. काजूही पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेला, आपल्या गोव्यात आला तसाच. तेव्हा 'अस्सल तमिळ' शोधायला निघालीस तर वाटेत लिस्बन लागेल. बिचकू नकोस. पिढ्यान्‌पिढ्या ते करणारे हात तमिळच आहेत.

करायला मात्र नाजूक. काजू एकदम वाटलेस तर तेल सुटेल आणि फेस बसेल. थोडी साखर घालून, मिक्सर थांबवत थांबवत रवाळ पूड कर. पांढऱ्यात बलकाचा थेंबही जाऊ देऊ नकोस. फेस ताठ झाला की पूड हलक्या हाताने मिसळ आणि कागदाच्या कोनातून टोकदार शंकू सोड. तिथे भट्टीच्या मंद धगीत ते रात्रभर वाळतात. तू ओव्हन शंभर अंशांच्या आसपास ठेव आणि आतपर्यंत कोरडं होईतो थांब. मुंबईच्या दमट हवेत ते बघता बघता सादळतं, म्हणून गार होताच घट्ट झाकणाच्या डब्यात.

साखरेऐवजी करुपट्टी, म्हणजे ताडगूळ, घालायचा मोह तुला होईलच. उडनगुडी त्याच जिल्ह्यात आहे आणि तिथल्या ताडगुळाला भौगोलिक मानांकनही आहे. पण इथे नको, त्याच्या ओलाव्याने फेस बसतो. त्याची नाचणीची बिस्किटं वेगळी कर. आधी विरघळवून गाळून घे, त्यात कचरा असतो.

आता आजी. तिच्याकडे कृती मागू नकोस, तिकडे मॅकरून बहुतेक बेकरीतूनच आणतात. कुठल्या बेकरीतून यायचं, कशात बांधून द्यायचे, गावाहून कोण घेऊन यायचं, ते विचार. आणि तमिळमध्येच विचार, मोडकंतोडकं का असेना. ती मराठीत उत्तर देऊ लागली तरी तू तमिळ सोडू नकोस. तिचं बोलणं रेकॉर्ड कर, मग तमिळ लिपीत उतरव. अक्षरं येत नसतील तर आधी ती शीक. सत्र संपायला तेवढा अवधी आहे. माझ्या लेखी प्रकल्पाचा गाभा हाच, ओव्हन नंतर.

पहिला ट्रे निघाला की तिला चाखायला दे. 'असं नव्हतं' म्हणाली, तर काय कमी पडलं ते विचार, तिच्याच शब्दांत वहीत लिही आणि दुसरा ट्रे लाव. अहवालात दोन्हींचे फोटो आणि तिची दोन्ही मतं येऊ देत.

तुझ्या,
बाई