बार्टलेटने माणसं टाकली का?

प्रश्न : बोट बुडताना कॅप्टन सगळ्यांत शेवटी उतरतो म्हणतात. मग ‘कार्लक’चा कॅप्टन बॉब बार्टलेट आपली माणसं रँगल बेटावर ठेवून निघून कसा गेला? त्याला शूर का म्हणायचं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : शेवटी उतरण्याचं म्हणाल, तर तो शेवटीच उतरला. न्यूफाउंडलंडमधल्या ब्रिगसच्या दर्यावर्दी घराण्यातला हा माणूस. अमेरिकी शोधक पिअरीच्या उत्तर ध्रुव मोहिमेची बोटही त्यानेच नेली होती. ‘कार्लक’ ही कॅनडाच्या आर्क्टिक मोहिमेची बोट. ती १९१३च्या ऑगस्टमध्ये अलास्काच्या उत्तरेला बर्फात अडकली. मोहिमेचे प्रमुख स्टेफानसन शिकारीसाठी म्हणून उतरले, मागे बोट बर्फासकट वाहत गेली. १० जानेवारी १९१४ला बर्फाने तिची कूस फोडली. माणसं, कुत्री, सामान बर्फावर उतरवून बार्टलेट आत एकटा राहिला. ग्रामोफोनवर तबकडी लावायची, वाजून झाली की शेगडीत टाकायची. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी डेकवर चढलं, तेव्हा त्याने संगीतकार शोपँची अंत्ययात्रेची धून लावली आणि कठड्यावरून बर्फावर पाऊल टाकलं.

आता बेटाचं. बर्फावरून चालत माणसं सायबेरियाच्या उत्तरेला असलेल्या रँगल बेटावर पोचली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. ही माणसं कुठे आहेत, हे बाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. मी स्वतः बोटीवर नोकरी केली आहे, म्हणून ठामपणे सांगतो : अशा वेळी माणसांजवळ बसून राहणं म्हणजे त्यांच्यासोबत मरणं. सगळ्यांना घेऊन निघावं, तर अनेकांच्या अंगात चालण्याचं त्राण उरलं नव्हतं. १८ मार्चला तो काताक्तोविक नावाच्या तरुण इन्युइट शिकाऱ्याला आणि सात कुत्र्यांना घेऊन निघाला. पायाखाली सरकता बर्फ, मध्येच उघडं पाणी, रात्री बर्फाचंच घर रचून झोपायचं. ४ एप्रिलला सायबेरियाचा किनारा लागला. तिथल्या चुकची लोकांनी या अनोळखी दोघांना घरात घेतलं, जेवू घातलं. एकूण चाल सुमारे ११०० किलोमीटरची. पुढे अलास्काला पोचून त्याने खबर दिली आणि सप्टेंबरमध्ये बेटावरची माणसं सुटली.

पंचवीसांतले अकरा गेले, हेही खरं. त्यांतले चौघे त्याचं न ऐकता वेगळे निघाले होते, जबाबदारी आमची असं लिहून देऊन. तरी चौकशीत त्यांना जाऊ दिल्याचा ठपका त्याच्यावरच आला. मला तो मुळीच पटत नाही. बोट बर्फात घातल्याचा दुसरा ठपका मात्र अगदीच खोटा म्हणता येणार नाही.

आणि शूर म्हणायचं, तर काताक्तोविकलाही म्हणा. तो नसता, तर बार्टलेट सायबेरियाला पोचला असता असं मला वाटत नाही.