शोध लागल्यानंतरचं काम

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या नव्या शोधाबद्दलचं पत्र वाचलं. समाज बदलायचा तर कल्पना केवढी मोठी हवी, असं तू त्यात विचारलंस. कल्पनेच्या आकाराची काळजी तू जरा जास्तच करत आहेस, असं मला वाटतं.

विजेचंच बघ. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र १८८२ साली सुरू झालं. तेव्हाचे कारखाने वाफेच्या एका मोठ्या इंजिनावर चालायचे. छताखालून लांबच लांब लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, फिरायचा आणि त्यावरून खाली आलेले पट्टे एकेक यंत्र चालवायचे. यंत्रांना शाफ्ट सोडून लांब जायची सोय नव्हती, म्हणून इमारतीही मजल्यावर मजले चढवलेल्या. वीज आली तेव्हा बऱ्याच मालकांनी इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटर बसवली. शाफ्ट तोच, पट्टे तेच. मग फरक तो काय पडणार! प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर देता येते, मग यंत्रं कामाच्या क्रमाने मांडता येतात, एकमजली, उजेडाचा कारखाना बांधता येतो, हे सर्रास व्हायला १९२०चं दशक उजाडलं. मालकांना मूर्ख ठरवू नकोस. चांगला चालता कारखाना कोण पाडेल? तेव्हा तुझ्या शोधाबद्दल माझा पहिला प्रश्न असा, की तो नीट वापरायचा तर लोकांना काय काय मोडावं लागेल?

पुरावा दिला की लोक ऐकतात, या भ्रमातही राहू नकोस. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरी अनेक बड्या डॉक्टरांनी मान्य केलं नाही. रोग जंतूंमुळे होतात हा सिद्धांत अजून यायचा होता, हे एक कारण. दुसरं असं, की मान्य करायचं म्हणजे आपल्याच हातांनी मरण पोचवलं हे कबूल करायचं.

आता एक अगदी साधी वस्तू घे, मालाचा कंटेनर. लोखंडी पेटी, तिच्यात कसलं आलंय संशोधन! ट्रकच्या धंद्यातल्या मॅल्कम मॅक्लीनने १९५६ मध्ये अशा ५८ पेट्या जहाजावर चढवून अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. तोवर गोदीत खोकी, पिंपं, गोणी एकेक करून हलवाव्या लागत. पण पेट्यांची मापं कंपनीगणिक वेगळी. सगळ्यांची क्रेन, ट्रक, जहाजं एकमेकांना जुळावीत म्हणून १९६०च्या दशकात मानकं, म्हणजे सगळ्यांनी पाळायची एकच मापं, ठरवण्याच्या बैठका वर्षानुवर्षं चालल्या. अत्यंत कंटाळवाणं काम, आणि माझ्या मते खरी क्रांती तीच. मॅक्लीनच्या कंपनीने पेटीच्या कोपऱ्यातल्या जोडणीचं पेटंटही विनामोबदला खुलं केलं. ते अडवून धरलं असतं, तर चार पैसे जास्त मिळाले असते आणि पेटी कदाचित एकाच कंपनीपुरती राहिली असती.

याची किंमत गोदी कामगारांनी मोजली. लंडनच्या जुन्या गोद्या १९८१ पर्यंत एकामागून एक बंद पडल्या. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र कामगार संघटनेने १९६० मध्येच करार केला: यंत्रं येऊ द्या, पण त्यातून वाचणाऱ्या पैशातला वाटा आम्हाला, आणि नोंदणीकृत कामगारांच्या रोजगाराची हमीही. तरुण, नोंदणी नसलेल्यांच्या हाती त्यातून फारसं काही लागलं नाही, हेही खरं. पण पेटी तीच असून दोन ठिकाणी निकाल वेगळा लागला. म्हणून ‘तंत्रज्ञान थांबत नसतं’ हे वाक्य तुझ्या पत्रांत फार वेळा येतं, ते मला खटकतं. ते थांबत नसेलही. त्याच्या अटी मात्र माणसंच ठरवतात.

पुढच्या पत्रात शोधाचं वर्णन नको, ते मला समजलं. कोणाचं काम जाईल, कोणाची गुंतवणूक बुडेल आणि मापं ठरवायला तुला कोणाकोणाबरोबर बसावं लागेल, ते लिही. ठाऊक नसेल तर आधी त्यांना जाऊन भेट. पत्राला उशीर झाला तरी चालेल.