ओठ सुजतात, वरचा सूर फुटतो

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे. लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. वरात निघून अर्धा तास झाला की वरचे सूर फुटायला लागतात, ओठांवर माउथपीसचा वळ उठतो. कधी डोळ्यांपुढे अंधारी येते. माझा दम कमी पडतोय का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तू माझ्या नातवाच्या वयाचा, म्हणून अरेतुरे करतो. दम कमी नाही, तुझा डावा हात आगाऊ आहे. वरचा सूर लागेना की तो ट्रम्पेट तोंडावर दाबतो. दाबलेल्या ओठात रक्त नीट फिरत नाही, ओठ थकतो, की तू आणखी दाबतोस. दाबून वाजवल्याने लुई आर्मस्ट्राँगसारख्या नामवंत जॅझ ट्रम्पेटवाल्याच्याही ओठांचं कायमचं नुकसान झालं.

एकही पिस्टन, म्हणजे बोटाखालची कळ, न दाबता सा, प, वरचा सा, ग, प एवढे सूर निघतात. नळी तीच, मग बदलतं काय? खालच्या सा-ला, म्हणजे आपल्या पेटीच्या काळी पाचला, ओठ सेकंदाला २३३ वेळा थरथरतात. वरच्या सा-ला ४६६ वेळा. ही थरथर ओठांचे कोपरे आणि फुंकेचा वेग वाढवतात, हात नव्हे. कोपरे घट्ट ठेव, मधला भाग मोकळा. हसल्यासारखे ओठ ताणू नकोस, पातळ होऊन लवकर दगा देतात. डिझी गिलेस्पी हा दुसरा जॅझ ट्रम्पेटवाला गाल फुगवून वाजवायचा. त्याला ते पचलं, तू नादी लागू नकोस.

श्वास घेताना खांदे वर जातात का, आरशात बघ. खालच्या बरगड्या आणि कंबर पसरली पाहिजे. गळा आवळून छातीत हवा कोंडली की अंधारी येते. गळा मोकळा ठेवूनही ती येत राहिली, तर डॉक्टरला दाखव.

सकाळी गवयासारखा खर्ज लाव : खालचे लांब सूर, हळू आवाजात, आणि वाजवलं तेवढीच विश्रांती. उजवी करंगळी ट्रम्पेटच्या कडीतून काढ. तीही ट्रम्पेट ओढते. तंबाखू-चुना खात असशील तर तो आजच सोड, ओठाची आतली कातडी त्याने सोलते.

वरातीत मुखडा तू वाजव, अंतरा क्लॅरिनेटवाल्याला दे. मालक कुरकुरेल. त्याला सांग, नवरदेव मांडवाच्या दारात पोचेल तेव्हा वरचा सा हवा असेल तर मधे ओठांना विसावू द्या.