जुन्या कॉम्प्युटरच्या भंगारातले धातू कसे ओळखायचे? रॅममधलं सोनं घरी काढता येतं का?

तुम्ही लिहिलंय की वाशीचं ऑफिस बंद झालं, चाळीस डेस्कटॉप पडून आहेत आणि भंगारवाला सगळं एकाच भावात मागतोय. घरी सोनं काढता येतं का? येतं. काढू नका.

माझं नौपाड्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि याच विषयावर आमचे साडू मला भर पंगतीत ऐकवतात, "हा माणूस सोनं किलोच्या भावाने देतो." साडू बँकेत आहेत, व्हिडिओ भरपूर बघतात. एकदा दुकानातून बंद पडलेल्या रॅमच्या पट्ट्या पिशवी भरून घेऊन गेले. घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये, ड्राय बाल्कनीत, प्लास्टिकच्या टबात नायट्रिक ॲसिड ओतलं. तांब्यावर नायट्रिक पडलं की तपकिरी धूर निघतो, नायट्रोजन डायऑक्साइडचा. तो वरच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांत गेला, सेक्रेटरी दारात आले, आणि ताईंनी (म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीने) साडूंना टबासकट घराबाहेर काढायची तयारी केली. हा वायू फसवा असतो. तेव्हा नुसता खोकला येतो, पण फुप्फुसात पाणी काही तासांनीही भरू शकतं. साडू वाचले ते नशिबाने.

निघालं काय? गाळणीला चिकटलेले पिवळे पापुद्रे. जांभळी नाक्यावरच्या सराफाकडे नेले तर तो म्हणाला, "पंखा बंद करू द्या आधी, उडेल."

हिशोब मी त्यांना तेव्हाच कागदावर करून दिला होता. डीडीआर३च्या (हा रॅमचाच एक प्रकार) पट्टीला 240 सोनेरी टोकं. एका टोकाचं क्षेत्रफळ साधारण अडीच चौरस मिलिमीटर. त्यावर सोन्याचा थर जास्तीत जास्त पाऊण मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरा. सोन्याची घनता घनसेंटिमीटरला 19.3 ग्रॅम. गुणाकार केला की एका पट्टीला नऊ मिलिग्रॅमही येत नाही. तुमच्या प्रत्येक मशीनमध्ये दोन पट्ट्या धरल्या तरी चाळीस मशीनचं मिळून पाऊण ग्रॅमच्या आत, तेही काही वाया न घालवता. त्याच पट्ट्या चालू असतील तर सुट्या विकून याहून जास्त पैसे येतात, हे मी ओरडून सांगत होतो. साडूंचं आजही म्हणणं एकच, ॲसिड भेसळीचं होतं.

आता तुमचं. खिशात लोहचुंबक आणि हातात कानस, बाकी काही लागत नाही. कॅबिनेट चुंबकाला चिकटतं, ते लोखंड. वजन सगळ्यात जास्त त्याचंच आणि भाव सगळ्यात कमी, म्हणून तर 'मिक्स'मध्ये घालून मागतात. हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) आणि हार्ड डिस्कची बॉडी ॲल्युमिनियमची. काही हीटसिंकच्या पोटात तांब्याची चकती असते, ती ठोकून वेगळी काढा. मदरबोर्डखालचे पिवळे स्टँड बघून लोक हरखतात. ते पितळेचे असतात, आणि चुंबकाला चिकटले तर पितळेचं नुसतं पाणी दिलेलं लोखंड.

खरा पैसा तांब्यात, आणि फसवणूकही तिथेच. स्वस्तातल्या एसएमपीएसमधली (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) कॉइल दिसते तांब्याची. कानस मारली की आतून पांढरं निघतं, म्हणजे ॲल्युमिनियम. वायरही कापून तिचं तोंड बघा. तांब्यासाठी केबल जाळू नका, पीव्हीसीचा धूर विषारी असतो.

बोर्ड फोडत बसू नका. मदरबोर्ड, रॅम, प्रोसेसर अशा तीन गोण्या करा आणि तीन वेगळे भाव मागा. मदरबोर्डच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा तांबंच असतं, सोनं नावाला. रॅम त्याच गोणीत टाकली तर तिला मदरबोर्डचा भाव मिळतो, आणि भंगारवाला घरी जाऊन ती वेगळी करतो. प्रोसेसरमध्ये जुने सिरॅमिकचे, 486 किंवा पेंटियम प्रो असले तर जपून ठेवा, त्यात सोनं खरंच जास्त. 2004 नंतरच्या इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरला पिना नाहीत, त्या मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये गेल्या. म्हणून सॉकेट तुटलेला दाखवून कोणी बोर्डाचा भाव पाडत असेल तर ऐकू नका. पिना जागेवर असतील तर भंगार म्हणून काही कमी होत नाही.

आकडे लिहीत नाही, भाव रोज हलतो. शिळफाट्याकडच्या दोन-तीन गोदामांत फोन करून विचारा, आणि गोण्या घरच्या काट्यावर मोजूनच न्या.

हां, हे आधी लिहायला हवं होतं: सुटे करून विकणं वेगळं आणि धंदा म्हणून रिसायकलिंग करणं वेगळं. त्याला 2022च्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणी लागते, हे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. ऑफिसचा माल आहे, माल दिल्याचा कागद हवा असेल तर भाव थोडा कमी घेऊन नोंदणीकृत रिसायकलरलाच द्या. जुने काचेचे मॉनिटर असतील तर अजिबात फोडू नका, त्या काचेत शिसं असतं. आणि हार्ड डिस्क देण्याआधी आतल्या चकत्यांना भोकं पाडा. ऑफिसचे पगाराचे तक्ते त्यातच असणार.